हस्त लागला की वाफ्यात काय ठेवायचं, काय उपटायचं?

वाफेकर | २८ सप्टेंबर, सकाळी ७:४०

ज्यांच्या सोसायटीत मागच्या पट्ट्यात सभासदांना वाफे वाटून दिलेत त्यांच्यासाठी हा धागा. हिशेब चार बाय दहा फुटांच्या वाफ्याचा धरलाय. गच्चीवाल्यांनी आपापल्या मापाने कमी करून घ्यावा.

नवरात्र आलं की बहुतेक जण सगळा वाफा एकदम साफ करतात आणि पालक, मेथी, कोथिंबीर पेरून मोकळे होतात. त्यात दुहेरी नुकसान आहे. जे वेल आता कुठे फळणार असतात ते जातात, आणि पेरलेला पालक ऑक्टोबरच्या उन्हात धड उगवत नाही. म्हणून वाफा तुकड्यातुकड्याने मोकळा करायचा.

आता काढून टाकायचं: दोडका, घोसाळी, पडवळ, काकडी. जूनमध्ये लावलेले हे वेल आता खालून पिवळे पडायला लागलेले असतात. शेंड्याकडे हिरवं दिसतं म्हणून मोह होतो, पण नवीन फळं वाकडी आणि बारकी येतात. वेल बुंध्याशी कापायचा, मुळं जमिनीतच कुजू द्यायची. ओढून उपटला तर शेजारच्या वांग्याची मुळं हलतात.

ठेवायचं: वांगी, मिरची, लाल भोपळा, अळू, सुरण आणि मुख्य म्हणजे वाल.

वालाबद्दल जरा सविस्तर, कारण ऑक्टोबरमध्ये सगळ्यात जास्त खून त्याचाच होतो. पावसाळ्यात लावलेला वेली वाल चार महिने नुसता पसरतो. मांडव भरतो, पण फूल एक नाही. मग 'वांझ आहे' म्हणून तो उपटला जातो. खरं म्हणजे आपला गावठी वेली वाल दिवस लहान व्हायची वाट बघत असतो. मुंबईत २१ जूनच्या सुमाराला दिवस सव्वातेरा तासांचा असतो, ऑक्टोबरअखेर तो साडेअकराच्या आसपास येतो. तेव्हा कुठे पानांच्या बेचक्यातून तुरे उभे राहतात. वाफा सोसायटीच्या रात्रभर चालणाऱ्या हॅलोजनखाली असेल तर तुरे आणखी लांबतात, कारण वेलाला रात्र झालेलीच कळत नाही. शेंडे आत्ता वीतभर खुडा आणि नत्राचं खत बंद करा, बाकी काही करू नका. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'कोकण भूषण' हा बुटका वाल या बाबतीत वेगळा. तो दिवसाच्या लांबीवर अडून बसत नाही.

---

गच्चीवरून | २८ सप्टेंबर, सकाळी ९:१५

शेंडे खुडण्याला +१. खुडलेले कोवळे शेंडे टाकू नका, लसूण-मिरचीवर परतले की चांगले लागतात.

पेरणीच्या तारखांबद्दल थोडं. 'कोजागरीनंतर मेथी, दिवाळीनंतर पालक' असं सर्रास सांगितलं जातं. पण सण पुढेमागे होतात. २०२३ साली कोजागरी २८ ऑक्टोबरला होती आणि २०२५ साली ६ ऑक्टोबरला. बावीस दिवसांचा फरक! नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून वाफ्यासाठी तीच धरावीत. हस्त साधारण २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर, चित्रा २३-२४ ऑक्टोबरपर्यंत, पुढे स्वाती ६ नोव्हेंबरपर्यंत.

हस्तात: लाल माठ, चवळई, चेटकी मुळा, गवार. यांना ऊन चालतं.
चित्रात: मेथी, आंबट चुका. वांगी-टोमॅटोची रोपंही याच वेळी लावावीत (रोप पंचवीस-तीस दिवसांचं हवं, म्हणजे बी सप्टेंबरातच टाकलेलं असायला हवं. आता टाकलंत तर लावणी ऑक्टोबरअखेर, स्वातीत जाईल, तीही चालते).
स्वातीत आणि पुढे: पालक, कोथिंबीर, शेपू.

फ्लॉवर-कोबीच्या नादी लागू नये हे माझं मत. मुंबईत रात्री थंड व्हायला डिसेंबर उजाडतो, आणि तीन महिने अडवलेल्या चार फुटांत एक मुठीएवढा गड्डा मिळतो. तेवढ्याच जागेत पालकाच्या चार कापण्या होतात.

---

पाणकळा | २८ सप्टेंबर, दुपारी १२:०५

पण हस्तात पेरायचं म्हणजे हत्तीचा पाऊस आहेच ना? दुपारी गडगडाट होऊन अर्ध्या तासात माठाचं सगळं बी वाफ्याच्या एका कोपऱ्यात जमा होतं.

---

गच्चीवरून | २८ सप्टेंबर, दुपारी १२:३०

होतं, कारण माठाचं बी मोहरीपेक्षाही बारीक आणि आपण ते वरच भुरभुरतो. उपाय सोपा आहे. एक चमचा बी पाच-सहा चमचे कोरड्या वाळूत मिसळून पेरायचं, वरून बोटाच्या पेराच्या चौथ्या हिश्शाएवढी चाळलेली माती, आणि त्यावर ओलं गोणपाट अंथरून चार कोपऱ्यांना विटा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपासून रोज गोणपाट उचलून बघायचं. पांढरे कोंब दिसले की त्याच संध्याकाळी काढायचं. एक दिवस उशीर झाला तर रोपं गोणपाटाच्या धाग्यांत शिरतात आणि काढताना सगळी हातात येतात. सकाळी काढलं तर दुपारच्या उन्हात करपतात.

---

वाफेकर | २८ सप्टेंबर, रात्री ९:५०

मातीचं राहिलंच. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत तेवीसशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात नत्र धुऊन गेलेलं असतं आणि माती वरून थापल्यासारखी घट्ट झालेली असते.

ओली असताना कुदळ मारू नका. मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टिचकी मारा. गोळा फुटला तर खणायला हरकत नाही. चकाकला आणि बोटाला चिकटला तर दोन-चार दिवस थांबा. ओल्यात खणलेल्या लाल मातीची ढेकळं होतात आणि ती उन्हात विटेसारखी वाळतात, मग मार्गशीर्षापर्यंत फुटत नाहीत.

नऊ इंच खणून चार-पाच दिवस ऊन खाऊ द्यायचं. मग चाळीस चौरस फुटांना चार घमेली कुजलेलं कंपोस्ट आणि एक किलो निंबोळी पेंड. पेंड मिसळल्यावर पाणी देऊन आठवडाभर थांबायचं. लगेच बी टाकलं तर पेंड कुजताना त्याची गरमी कोंबांना लागते.

खणताना मातीत साबुदाण्यासारखे पिवळट गोल मणी झुबक्याने दिसले तर ती मोठ्या शंखी गोगलगायीची अंडी. आत्ता सापडली तर सगळी ठेचा. पावसाळाभर रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचत बसण्यापेक्षा हे एका खणणीत होतं. हातमोजे घालून करा. ही गोगलगाय माणसाला बाधणारे कृमी बाळगू शकते, त्यामुळे ती जिथे फिरते तिथली पालेभाजी कच्ची खाऊ नये. आणि मीठ वाफ्यात टाकू नका! जिवंत सापडलेल्या बादलीतल्या मिठाच्या पाण्यात टाकायच्या आणि ते पाणी गटारात.

---

चुका_मुका | २९ सप्टेंबर, सकाळी ८:२०

कंपोस्ट सोसायटीचंच वापरायचं का? आमच्याकडे ओल्या कचऱ्याचं खत ढिगाने पडून असतं, पण ते घातलं की रोपांच्या पानांच्या कडा जळतात.

---

निंबोळी | २९ सप्टेंबर, सकाळी १०:४५

त्यात मीठ आहे. २०१७ मध्ये महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना (वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठं आवार किंवा दिवसाला शंभर किलोपेक्षा जास्त कचरा) ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं, तेव्हापासून असं खत पुष्कळ ठिकाणी तयार होतं. पण ड्रममध्ये भाज्यांच्या देठांबरोबर आमटी, लोणचं, उरलेली भाजी, पापड सगळंच जातं. देठ कुजून नाहीसे होतात, मीठ मात्र जसंच्या तसं राहतं. वाळल्यावर खताच्या ढिगावर पांढरी भुकटी दिसते ती तीच.

तपासायची घरगुती पद्धत: एका थाळीत निम्मं खत आणि निम्मी माती, दुसरीत नुसती माती. दोन्हींत मेथीचे वीस-वीस दाणे. चार दिवसांनी दोन्हीकडे सारखे उगवले तर खत खुशाल वापरा. खताच्या थाळीत सात-आठच उगवले किंवा कोंबांची टोकं तपकिरी झाली तर खत धुवायला हवं. तळाला भोकं असलेल्या पिंपात भरून तीन वेळा भरपूर पाणी सोडायचं, दर वेळी पूर्ण निथळू द्यायचं. नत्रही थोडं जातं, ते पेंडीने भरून काढायचं. ते निथळलेलं पाणी 'खताचं पाणी' म्हणून झाडांना घालू नका, एवढं मात्र करा.

किनाऱ्याजवळच्या विहिरींचं मचूळ पाणीही हाच प्रताप करतं. पावसाळ्यात कळत नाही, ऑक्टोबरपासून कळतं.

---

कुंडीतला_मुळा | ३० सप्टेंबर, संध्याकाळी ६:१०

नाव मुळा घेतलंय खरं, पण मुळ्याला दर वर्षी नुसता पाला. खाली उंदराची शेपटी. काय चुकतंय?

---

गच्चीवरून | ३० सप्टेंबर, संध्याकाळी ७:००

चार कारणं असतात, बहुधा दोन एकत्र.

विरळणी केलेली नसते. बी दाट पडतं आणि रोपं उपटायला जीव होत नाही. बाराव्या दिवशी दोन रोपांत चार बोटं अंतर उरेल एवढं काढायलाच हवं. ऊन कमी असतं: इमारतीच्या सावलीत तीन तास ऊन येत असेल तर मुळा होणार नाही, तिथे अळू लावा. खत जास्त किंवा ताजं असतं: नत्राने पाला माजतो, आणि अर्धवट कुजलेल्या खतात मूळ दुभंगून दोन पायांचं होतं. शेवटचं म्हणजे वाण. दुकानात 'जपानी पांढरा' मिळतो तो थंडीचा. आत्ता 'पुसा चेटकी' घ्या. उन्हाळ्या-पावसाळ्यातही होणारा वाण आहे, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत काढायला येतो. त्याहून जास्त ठेवला की आत पोकळ आणि दोरकट.

कुंडी असेल तर खोली किमान दहा-बारा इंच हवी.

---

कढीपत्ता | ३० सप्टेंबर, रात्री ८:४०

विरळणीतल्या रोपांची भाजी हा मुळा लावण्यातला खरा फायदा आहे, मुळा बोनस समजा.

तीन मुठी कोवळा पाला बारीक चिरून घ्यायचा. पाव वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवलेली. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, चार लसूण पाकळ्या ठेचून, दोन सुक्या मिरच्या. डाळ निथळून घालून दोन मिनिटं परतायची, पाण्याचा हबका मारून झाकण. डाळ बोटाने चेपली जाईल पण आख्खी दिसेल एवढी शिजली की पाला घालायचा आणि झाकण काढून टाकायचं. झाकण ठेवलं तर उग्र वास आतच कोंडतो आणि रंगही काळपट होतो. मीठ सगळ्यात शेवटी, कारण पाला चोरटा आहे, तीन मुठींची अर्धी वाटी होते. वरून ओलं खोबरं.

---

पाणकळा | १ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

लाल भोपळ्याला कळ्या भरपूर, लहान भोपळेही धरतात, पण लिंबाएवढे झाले की पिवळे होऊन गळतात. पाणी कमी पडतंय का?

---

निंबोळी | १ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

गळलेला भोपळा चिरून बघा, त्यावर उत्तर अवलंबून आहे.

आत स्वच्छ असेल तर परागीभवन झालेलं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने पराग भिजून फुकट जातो, म्हणून तेव्हाची गळ स्वाभाविक. आता पाऊस उघडलाय, तर हाताने करा. सकाळी सहा ते आठच्या दरम्यान, नंतर फुलं मिटायला लागतात. नराचं फूल लांब बारीक देठावर असतं, मादीच्या फुलामागे चिमुकला भोपळा असतोच. नराचं फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या, आतला पिवळा दांडा मादीच्या फुलातल्या तुकड्यांवर सगळीकडून हळूच फिरवायचा. एक नर दोन माद्यांना पुरतो. उरलेल्या नरफुलांची भजी.

आत अळ्या वळवळत असतील तर फळमाशी. ती कोवळ्या सालीत अंडी घालते, बाहेरून टाचणीच्या टोकाएवढा डाग आणि त्यातून डिंकाचा थेंब दिसतो. परागीभवन झाल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच भोपळ्याला वर्तमानपत्राची पिशवी बांधायची, नारळाएवढा झाला की काढायची. तोवर साल पुरेशी घट्ट होते. सापळा लावणार असाल तर वेलवर्गीय भाज्यांसाठी क्यू-ल्युअरची (नरमाश्यांना वासाने ओढणारी) वडी मागा. दुकानदार बरेचदा आंब्याच्या फळमाशीची, मिथाइल युजेनॉलची देतात. तिच्यात दुसऱ्या जातीच्या माशा अडकतात आणि आपल्याला वाटतं काम झालं.

किडकी फळं कंपोस्टमध्ये टाकू नका. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात, मग कचऱ्यात.

---

कढीपत्ता | १ ऑक्टोबर, दुपारी १:३०

भोपळा काढल्यावर लगेच चिरायची घाई नको. देठ चार बोटं ठेवून कापा. देठाला धरून उचलू नका, तो तुटला की तिथूनच सड सुरू होते. दहा-बारा दिवस वाऱ्याच्या जागी, जमिनीला न टेकवता ठेवला की गोडी वाढते.

घारग्यांचं प्रमाण: दोन वाट्या भोपळ्याचा कीस, एक वाटी चिरलेला गूळ, चमचाभर तूप. तुपावर कीस परतून झाकण ठेवून वाफ आणायची, मग गूळ. गूळ विरघळून मिश्रण एकदा चरचरलं की लगेच खाली. कोमट झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलची, दोन मोठे चमचे तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक. साधारण अडीच वाट्या लागते. पाणी अजिबात नाही.

बिघडतं कुठे? पीठ मळून तासभर ठेवलं की गुळाला पाणी सुटून ते सैल होतं, मग त्यात कणीक घालत सुटतो आणि घारगे कडक होतात. मळलं की थापायला बसायचं. केळीच्या पानावर किंवा प्लॅस्टिकवर, पुरीच्या दुप्पट जाड. तेल मध्यम. कडकडीत तेलात गूळ आधी करपतो, आत कच्चं राहतं.

---

चुका_मुका | १ ऑक्टोबर, दुपारी ४:००

आयडीला जागून: वाफ्यात आंबट चुका आत्ताच पेरा. अळूच्या फदफद्याला लागणारच आहे.

आणि अळू खाजतं त्याचा काही खात्रीचा उपाय आहे का? पावसाळ्यात न खाजलेलं तेच अळू आता खाजतंय.

---

कढीपत्ता | १ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:१५

अळूच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशात टोचतात. पाणी कमी पडलेल्या, जून झालेल्या पानांचं अळू जास्त त्रास देतं, म्हणून आत्ता फरक जाणवतो. वाफ्यातल्या अळूला रोज पाणी द्या आणि वरची दोन-तीनच पानं घ्या.

भाजीचं अळू फिक्या हिरव्या देठाचं, वडीचं काळसर-जांभळ्या देठाचं. शोभेचं अळू कुंड्यांत असतं ते याच्यासारखं दिसतं, त्याला हात लावू नका.

फदफदं, सहा जणांचं: दहा-बारा पानं देठांसकट, चुक्याची एक जुडी, एका मुळ्याच्या चकत्या, पाव वाटी चणाडाळ आणि पाव वाटी शेंगदाणे (दोन्ही चार तास भिजवून). देठ सोलायचे. चिरताना हाताला तेल किंवा चिंच लावायची. पाला, देठ, मुळा एका भांड्यात, डाळ-दाणे दुसऱ्या भांड्यात, कुकरला चार शिट्ट्या. चुका डाळीबरोबर शिजवू नका, आंबटात डाळ बोटचेपी होत नाही. चुका वेगळा वाफवा. मग पाला आणि चुका रवीने घोटायचे, त्यात दोन मोठे चमचे बेसन, डाळ-दाणे, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, तेवढाच गूळ, गोडा मसाला, मीठ. आता खरी गोष्ट: कोळ घातल्यावर दहा मिनिटं खळखळून उकळू द्या. आंबटाने खाज कमी लागते, पण कच्चट राहिलेलं अळू कितीही चिंच घातली तरी सुटत नाही. फोडणी वरून, मेथीदाणे आणि सुक्या मिरचीची.

---

गच्चीवरून | २ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

ज्यांना वाफा नाही आणि स्वातीपर्यंत धीरही नाही त्यांनी समुद्रमेथी करावी. बाजारात छोट्या जुड्यांत वाळूसकट मिळते ती. बी नेहमीच्या मेथीचंच, फक्त वाळूत दाट पेरून कोवळेपणी उपटलेलं.

दीड फूट बाय एक फुटाचा ट्रे, तळाला भोकं. चार बोटं जाडसर वाळू, गोड्या पाण्याने तीनदा धुतलेली. (चौपाटीवरून पिशवीभर वाळू आणू नका, खारी असते आणि नेणं योग्यही नाही.) पन्नास ग्रॅम मेथी रात्रभर भिजवून दाण्याला दाणा लागेल अशी पसरायची, वर अर्धा बोट वाळू. सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी, पण खाली साचता कामा नये. सावलीत चार दिवस, मग सकाळचं ऊन. दहाव्या-बाराव्या दिवशी, तिसरं पान फुटायच्या आत उपटायची. उशीर केला की कडू आणि काडीदार.

---

जवळा_सुका | २ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

यात निम्मं राहिलं! धुणं. जुडी मुळांकडून बांधलेलीच ठेवून मुळं कापायची, मग सुटी करून मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवून हाताने उचलून घ्यायची. पातेलं उपडं करून चाळणीत ओतली तर तळाची वाळू परत भाजीवर. चार पाणी तरी हवंच. पाचव्या पाण्याच्या तळाशी बोट फिरवून बघा.

मग दोन कांदे बारीक, सहा लसूण पाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या तेलात. मूठभर सुका जवळा कोरडाच भाजून, चोळून, पाखडून, पाण्यातून काढून त्यात घाला. मेथी घालून मोठ्या आचेवर चार मिनिटं, पाणी नाही, झाकण नाही. वर खोबरं. तांदळाच्या भाकरीबरोबर. न खाणाऱ्यांनी जवळ्याऐवजी भिजवलेली मूगडाळ घालावी, मीही वाईट म्हणणार नाही.

---

पाणकळा | २ ऑक्टोबर, रात्री १०:२०

निंबोळी, चिरून बघितला, आत स्वच्छ होता. उद्या सहाला नरफूल.

वालाबद्दल विचारायचं होतं. मागच्या हंगामाचे सुके कडवे वाल आहेत, आणि वेलावर शेवटची दोन पडवळं. डाळिंब्या घालून करायचं आहे.

---

कढीपत्ता | ३ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

उत्तम जोडी. एक वाटी वाल सकाळी भिजत घाला, संध्याकाळी निथळून फडक्यात बांधा. सध्याच्या उष्म्यात बारा तासांत मोड येतात, जास्त ठेवले तर वास मारतात आणि तार सुटते. थंडीत वीस तास लागतील. सोलण्याआधी दहा मिनिटं कोमट पाण्यात, मग चिमटीत दाबलं की डाळिंबी टुणकन बाहेर. कडकडीत पाण्यात टाकले तर अर्धवट शिजतात आणि सोलताना मोडतात.

पडवळाची साल सुरीने खरवडा, आतला गर-बिया काढून अर्धचंद्र काप, थोडं मीठ लावून दहा मिनिटं ठेवून पिळा. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, त्यावर डाळिंब्या अलगद परता. वाटीभर गरम पाणी, ताटावर पाणी ठेवून मंद आच. डावाने ढवळू नका, पातेलं हलवा. सात-आठ मिनिटांनी पडवळ. दोन्ही शिजल्यावरच तीन आमसुलं, गुळाचा खडा आणि जिऱ्या-खोबऱ्याचं वाटण. आमसुलं आधी पडली तर वाल तिथेच अडतो, मग अर्धा तास गॅस जाळा, हलणार नाही.

---

जवळा_सुका | ३ ऑक्टोबर, सकाळी ९:००

सुरण दसऱ्याला काढू का? पान अजून हिरवं आहे.

---

वाफेकर | ३ ऑक्टोबर, सकाळी ९:२५

नाही. पान पिवळं पडून आपण होऊन आडवं होईपर्यंत कंद भरत असतो, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर. हिरव्यात काढलेला पाणचट असतो आणि जास्त खाजतो. पान पिवळं व्हायला लागलं की पाणी तोडा, ओल्या मातीत कंद सडतो. तोवर घुशींकडे लक्ष ठेवा. बुंध्याभोवती अर्ध्या इंचाच्या जाळीचं रिंगण फूटभर खोल गाडलेलं असेल तर वाचतो. चिरताना सुरण आणि हात दोन्ही कोरडे ठेवा, धुणं सालं काढून झाल्यावर.

---

कुंडीतला_मुळा | ३ ऑक्टोबर, रात्री ८:१५

चेटकीचं बी आणलं. एक शंका: पडवळाचा वेल काढायला घेतला तर आत पानांत लपलेलं एक फळ नारिंगी होऊन पिकलंय. टाकून द्यायचं ना?

---

वाफेकर | ३ ऑक्टोबर, रात्री ८:५०

छे! ते पुढच्या वर्षीचं बी आहे. तेवढाच वेल आठ दिवस राहू द्या. पडवळ तळाशी आपण होऊन फाटायला लागलं की काढा, नाहीतर लाल गर पक्षी खातात. बिया गरातून काढून राखेत चोळा, सावलीत वर्तमानपत्रावर आठ-दहा दिवस. सुकलेली बी नखाने दाबल्यावर वळत नाही. मग काचेच्या बाटलीत, सोबत कडुनिंबाची दोन सुकी पानं, आणि बाटलीवर वाण व महिना लिहा. जूनपर्यंत दोडक्याच्या, पडवळाच्या आणि कारल्याच्या पुड्या कपाटात एकमेकींत मिसळलेल्या असतात.

---

कुंडीतला_मुळा | ३ ऑक्टोबर, रात्री ९:०५

राख कुठून आणू मुंबईत?

---

जवळा_सुका | ३ ऑक्टोबर, रात्री ९:१०

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे. कोळशाची इस्त्री असेल तर.